जयंतीच्या मिरवणुकीत दारू पिऊन गुन्हा दाखल झाला, तर पुढे काय होते?

भीमजयंती आता एका दिवसाची राहिलेली नाही. १४ एप्रिलला शहरात मोठी मिरवणूक निघते, मग वस्त्यावस्त्यांत, गावोगावी मे महिना संपेपर्यंत जयंत्या चालूच असतात. पहाटे अभिवादन, सकाळी रक्तदान, दुपारी भोजनदान, कुठे व्याख्यान, कुठे विद्यार्थ्यांचा सत्कार. संध्याकाळी मिरवणूक. आणि मिरवणूक संपता संपता, रात्री दहा-अकराच्या सुमारास, पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर आपलीच चार-दोन पोरे बसलेली असतात. अंगात निळा सदरा, कपाळाला निळे, तोंडाला वास. बाहेर आई उभी असते, मंडळाचा अध्यक्ष फोनवर फोन लावत असतो, आणि कुणालाच नेमके माहीत नसते की आता होणार काय.

हा प्रश्न फक्त आपल्या जयंतीचा नाही. गणेश विसर्जनात, शिमग्यात, ३१ डिसेंबरच्या रात्री, लग्नाच्या वरातीतही हेच घडते आणि कायदाही हाच लागतो. पण इतरांच्या उत्सवातला दारूडा हा एकटा दारूडा असतो. आपल्या मिरवणुकीतला दारूडा दुसऱ्या दिवशी अख्ख्या समाजाची ओळख म्हणून दाखवला जातो. हे अन्यायाचे आहे, पण आहे. म्हणून आपल्या कार्यकर्त्याला या विषयातला कायदा इतरांपेक्षा जरा जास्तच माहीत असला पाहिजे.

कोणती कलमे लागतात?

महाराष्ट्रात दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घातला की पहिल्यांदा लागतो तो १९४९ चा दारूबंदी कायदा. पूर्वी त्याला मुंबई दारूबंदी अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. वर्तमानपत्रात ‘कलम ८५ (१) अन्वये गुन्हा’ असे आपण वाचतो ते हेच. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत नशेत स्वतःवर ताबा नसणे, नशेत बेशिस्त वागणे, हा या कलमाचा विषय. अनेकांना माहीत नसते, पण आपल्या राज्यात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. परवाना नसताना दारू प्यायली म्हणून कलम ६६ (१) (ब) सुद्धा लावता येते. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत तर बाटली जवळ सापडणे हाच वेगळा विषय होतो.

दुसरा कायदा म्हणजे १९५१ चा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. कलम ११० म्हणजे सार्वजनिक जागी असभ्य वर्तन, ११२ म्हणजे शांतता बिघडेल अशी शिवीगाळ किंवा धमकी, आणि ११७ हे त्याच्या दंडाचे कलम. पोलिसांच्या बोलण्यात हे ‘एकशे दहा-एकशे सतरा’ असे एका दमात येते.

तिसरा म्हणजे भारतीय न्याय संहिता. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी ही संहिता लागू झाली, त्यामुळे जुन्या कार्यकर्त्यांना पाठ असलेले आकडे आता बदलले आहेत. नशेत सार्वजनिक जागी त्रासदायक वागणे हा पूर्वी कलम ५१० चा गुन्हा होता आणि त्याचा जास्तीत जास्त दंड होता फक्त दहा रुपये. आता ते कलम ३५५ आहे. शिक्षा चोवीस तासांपर्यंतचा साधा कारावास, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. शिक्षा म्हणून समाजसेवा हा प्रकार नव्या संहितेत पहिल्यांदाच आला, आणि ती ज्या मोजक्या गुन्ह्यांसाठी ठेवली आहे त्यात हा गुन्हा आहे.

इथपर्यंतचे वाचून कुणी म्हणेल, हजार रुपये दंड ना, भरू. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

लहान गुन्हा मोठा कसा होतो

नुसते पिऊन नाचला म्हणून फार मोठे काही होत नाही. पण प्यायलेला माणूस नुसता नाचत नाही. दहा वाजले म्हणून हवालदार डीजे बंद करायला सांगतो. शुद्धीतला कार्यकर्ता त्याच्याशी वाद घालेल, पाच मिनिटे मागून घेईल, नाही तर बंद करेल. नशेतला पोरगा त्याची कॉलर धरतो. त्या एका सेकंदात प्रकरण हजार रुपयांच्या दंडातून बाहेर पडते. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर, म्हणजे न्याय संहितेचे कलम १३२, जुने ३५३. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. त्या झटापटीत पोलिसाला लागले तर कलम १२१, पाच वर्षांपर्यंत.

गर्दीत एखाद्या मुलीला मुद्दाम धक्का मारला, हात धरला, अंगाशी झोंबला, तर कलम ७४. यात कमीत कमी एक वर्षाची शिक्षा कायद्यानेच ठरवून दिली आहे, जास्तीत जास्त पाच वर्षे, आणि हाही अजामीनपात्र. इथे मंडळाच्या लोकांनी ‘पोरगा चांगला आहे, प्यायला होता म्हणून झालं’ असे म्हणत त्या मुलीच्या घरी जाऊन दबाव आणू नये. ती मुलगी आपल्या मिरवणुकीत आली होती. तिथे निर्धास्तपणे नाचण्याचा तिचा हक्क त्या पोराच्या हक्कापेक्षा तसूभरही कमी नाही.

मारामारी झाली आणि समान उद्देशाने पाच किंवा अधिक जण एकत्र होते असे दिसले, तर बेकायदेशीर जमावाची कलमे येतात, १८९ ते १९१. यातली मेख अशी की जमावातल्या एकाने त्या उद्देशापोटी केलेल्या गुन्ह्याला कलम १९० खाली बाकीचेही जबाबदार धरले जातात. दगड एकाने मारलेला असतो, नावे बारा जणांची येतात. एफआयआरमध्ये नंतर ‘व इतर दहा ते पंधरा अनोळखी’ असेही लिहिलेले असते, आणि पुढचे काही आठवडे वस्तीतले कोणतेही पोर त्या ‘इतर’मध्ये बसू शकते.

तलवार फिरवायची हौस असेल तर शस्त्र अधिनियमाची कलमे ४ आणि २५, आणि त्यासोबत पोलीस अधिनियमातल्या शस्त्रबंदीच्या आदेशाचा भंग म्हणून ३७ आणि १३५. याचा पुरावा पोलिसांना शोधावाही लागत नाही. आपणच रील करून टाकलेली असते, वर गाणे लावून.

डीजेच्या गाडीचा किंवा ट्रॅक्टरचा चालक प्यायलेला असणे हा सर्वांत भयंकर प्रकार. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला, तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पण गाडीसमोर लहान मुले नाचत असतात. तिथे ब्रेकऐवजी दुसरीकडे पाय पडला, तर दंडाचा हिशोब करायला कुणी थांबत नाही. सदोष मनुष्यवधापर्यंत गोष्ट जाते.

‘शुद्धीत नव्हतो’ हा बचाव नाही

ठाण्यात आणि नंतर कोर्टात सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य हे: साहेब, प्यायला होता, त्याला कळत नव्हते. लोकांना वाटते, यामुळे गुन्हा हलका होतो. कायदा नेमके उलटे सांगतो. न्याय संहितेच्या कलम २३ मध्ये नशेचा बचाव दिलेला आहे, पण तो फक्त त्याला, ज्याला दुसऱ्या कुणी त्याच्या नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध नशा चढवली. स्वतःच्या हाताने ग्लास उचलणाऱ्यासाठी पुढचे कलम २४ आहे. त्याचा अर्थ असा, की जो स्वतःहून प्यायला, त्याला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाण होती असे धरून चालायचे.

याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा जुना निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात. ‘बसदेव विरुद्ध पेप्सू राज्य’, एप्रिल १९५६. पतियाळा भागातल्या एका गावात लग्न होते. सैन्यातून निवृत्त झालेला एक जमादार भरपूर प्यायलेला. जेवणाच्या जागी त्याने पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाला सरकून बसायला सांगितले. मुलगा हलला नाही. जमादाराने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली. न्यायालयात बचाव आला तो नशेचाच. न्यायालयाने पाहिले की हा माणूस अडखळत होता, कधी असंबद्ध बोलत होता, पण स्वतःच्या पायाने चालत होता, नीट बोलूही शकत होता. शिक्षा खुनाचीच कायम राहिली. भांडण कशावरून, तर बसायच्या जागेवरून. आपल्याकडच्या मिरवणुकीत ‘माझ्या पुढे का नाचला’ यावरून होणाऱ्या मारामाऱ्या यापेक्षा वेगळ्या नसतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. त्या बावीस प्रतिज्ञांमधली सतरावी दारूविषयी आहे. पंचशीलातले पाचवे शील मद्याला प्रमादाचे स्थान म्हणते. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. बाकीच्या चार शीलांमध्ये थेट दुसऱ्याला इजा होते. पाचव्यात तसे दिसत नाही, म्हणून अनेकजण ते सैल धरतात. पण पहिली चार मोडतात ती बहुतेकदा पाचवे मोडल्यावर, हे पोलीस ठाण्यातल्या एफआयआर वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

ठाण्यातली रात्र

नशेत पकडलेल्या माणसाला पोलीस आधी सरकारी दवाखान्यात नेतात. डॉक्टर वास, बोलणे, चाल, डोळ्यांच्या बाहुल्या पाहून नोंद करतात आणि रक्ताचा नमुना घेतात. हा नमुना महत्त्वाचा. नुसता तोंडाला वास येणे, झोकांड्या खाणे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे यावरून दारू प्यायल्याचे सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये मुंबईच्या ‘बचुभाई करयानी’ खटल्यात म्हटले आहे. म्हणून तपासणीचा कागद कोणता झाला, रक्त घेतले की नाही, किती वाजता घेतले, हे कार्यकर्त्याने लिहून ठेवावे. तपासणीला विरोध करू नये, हातपाय झाडू नयेत; त्यातून नवा गुन्हा तयार होतो. अंगावर पोलिसांच्या मारहाणीच्या खुणा असतील तर त्या याच वेळी डॉक्टरला दाखवून नोंदवून घ्याव्यात. दोन दिवसांनी दाखवलेल्या खुणेला किंमत राहत नाही.

अटक झाली तर संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेले हक्क नशेतल्या माणसालाही पूर्ण आहेत. अटकेचे कारण सांगितले पाहिजे. घरच्या माणसाला किंवा मित्राला कळवले पाहिजे. वकिलाला भेटू दिले पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले पाहिजे. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन ही मेहेरबानी नाही, तो हक्क आहे. तो ठाण्यातच मिळू शकतो, आणि तसे सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे. जामीनदार मिळत नसेल, माणूस गरीब असेल, तर स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीनच नाही, असाही अनेकांचा समज असतो. तसे नाही. तिथे जामीन न्यायालय ठरवते, एवढाच फरक.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आपोआप अटक करू नये, आवश्यक कारण असेल तरच करावी, नाही तर हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे ‘अर्नेश कुमार’ निकालात २०१४ मध्ये स्पष्ट झाले. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये ही नोटिशीची पद्धत आहे. वर सांगितलेली बहुतेक कलमे या मर्यादेत बसतात. नोटीस मिळाली तर मात्र ठरल्या तारखेला जाणे. ‘मिटलं असेल’ म्हणून घरी बसलेल्यांना पुढे अटक होते.

ठाण्यात जाणारे कार्यकर्ते दोनच असावेत आणि ते शुद्धीत असावेत. पन्नास जणांनी ठाण्याबाहेर घोषणा देऊन त्या रात्री कुणी सुटत नाही, उलट बाहेरच्यांवर दुसरा गुन्हा दाखल होतो. दोघांनी आत जावे, ठाणे अंमलदाराला आपले नाव सांगावे, कोणती कलमे लावली ते विचारावे, आणि एफआयआर झाला असेल तर त्याची प्रत मागावी. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावरही टाकायचे असतात.

‘कबूल’ म्हणण्याआधी

आता त्या प्रकाराकडे येऊ ज्यात आपली सर्वांत जास्त पोरे फसतात. काही महिन्यांनी किरकोळ कलमाच्या प्रकरणात कोर्टाचे समन्स येते, किंवा लोकअदालतीची नोटीस येते. कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी सांगते, ‘कबूल करून टाक, दंड भर, पाच मिनिटांत मोकळा होशील.’ पोरगा आत जातो, कबूल म्हणतो, पाचशे-हजार भरतो, पावती घेतो, घरी येतो. त्याला वाटते केस संपली. केस संपली हे खरे, पण ती दोषसिद्धीने संपली. त्याच्या नावावर शिक्षा लागली.

मग दोन वर्षांनी तो पोलीस भरतीला उतरतो. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव आले. चारित्र्य पडताळणीचा अर्ज समोर येतो. त्यात विचारलेले असते: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का, शिक्षा झाली होती का? तो ‘नाही’ लिहितो, कारण त्याच्या लेखी ती ‘केस’ नव्हतीच, ‘दंड’ होता. पडताळणीत गुन्हा निघतो. आता प्रश्न दारूचा राहत नाही, खोटे लिहिल्याचा होतो.

‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी या विषयावर नियम घालून दिले आहेत. माहिती खरी द्यावी, लपवू नये, हा पहिला नियम. प्रकरण क्षुल्लक असेल, तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखे किंवा किरकोळ गुन्ह्याचे, तर नियुक्ती करणारा अधिकारी ते सोडून देऊ शकतो. खरे सांगितल्यावरही उमेदवार योग्य आहे की नाही हे ठरवण्याचा त्याचा अधिकार राहतो. म्हणजे खरे लिहिल्याने नोकरी मिळेलच असे नाही, पण लपवल्याने ती जाण्याचा रस्ता मोकळा होतो. आपल्या समाजातली किती तरी पोरे पहाटे मैदानावर धावत असतात, अभ्यासिकेत रात्री काढत असतात. त्यांच्यासाठी या लेखातले एकच लक्षात ठेवायचे असेल तर हे: वकिलाला विचारल्याशिवाय कबुली द्यायची नाही, आणि फॉर्मवर ‘नाही’ लिहायचे नाही.

गुन्हा सिद्ध झालाच तर सुद्धा एक वाट आहे, जी फारशी कुणी मागत नाही. १९५८ चा परिवीक्षा कायदा, म्हणजे प्रोबेशन. पहिलाच, हलका गुन्हा असेल तर न्यायालय समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडू शकते. या कायद्याच्या कलम १२ मुळे, त्याखाली सुटलेल्याला दोषसिद्धीला चिकटणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही. हे वकिलाने मागावे लागते. व्हरांड्यातला सल्लागार ते सांगत नाही. दोन बाजूंची आपसात मारामारी असेल आणि दोघांचे खरोखर मिटले असेल, तर उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घेण्याचाही मार्ग असतो, पण त्याला वेळ आणि पैसा लागतो.

खटला चालू असताना पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी लागते. पुढच्या वर्षी जयंतीच्या आधी ‘शांतता राखण्याचे बंधपत्र द्या’ म्हणून चॅप्टर केसची नोटीस येते, आणि नावावर गुन्हे वाढत गेले तर पोलीस अधिनियमाखाली तडीपारीचा प्रस्तावही जातो. ज्या पोराने एका रात्री कॉलर धरली, त्याला दर एप्रिलमध्ये ठाण्यात हजेरी द्यावी लागते, मग तो त्यानंतर थेंबालाही शिवलेला नसो.

दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगालाला दारूचे सहा तोटे सांगितले आहेत: पैशाची नासाडी, भांडणे, आजार, बदनामी, लाज सोडून उघडे पडणे आणि बुद्धी दुबळी होणे. गृहस्थाला सांगितलेली ही यादी आहे, भिक्खूला नाही. तारखेला आलेल्या पोराच्या बापाने वकिलाची फी मोजताना ती आठवून पाहावी. आजार सोडला तर बाकीच्या पाचांचा हिशोब एका रात्रीतच झालेला असतो.

मिरवणुकीवर हल्ला झाला असेल तर

हा भाग गावातल्या कार्यकर्त्यांसाठी. आजही कितीतरी गावांत आपली मिरवणूक विशिष्ट रस्त्याने न्यायची म्हटली की वाद होतो. दगडफेक होते, शिवीगाळ होते, जातीवरून बोलले जाते. आपण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद देतो. त्याच रात्री समोरून दुसरी फिर्याद येते: मिरवणुकीतली पोरे प्यायलेली होती, त्यांनीच आमच्या बायकांना शिव्या दिल्या, आमच्या दारात धिंगाणा घातला. याला क्रॉस केस म्हणतात. खरी असो, खोटी असो, ती येते हे धरूनच चालावे.

कायद्याने पाहिले तर फिर्यादी प्यायलेला होता म्हणून त्याच्यावर जातीवरून हल्ला करणाऱ्याचा गुन्हा पुसला जात नाही. पोलीस ‘तुम्हीच पिऊन होता, तुमची काय फिर्याद’ म्हणून परत पाठवत असतील तर ते बेकायदेशीर आहे. लेखी तर्क लावून भांडावे, पोलीस अधीक्षकांकडे अर्ज द्यावा, विशेष न्यायालयाचा मार्ग आहे. पण खटल्याचे वास्तव वेगळे असते. आपल्या चार जखमींपैकी दोघांच्या दवाखान्यातल्या कागदावर ‘मद्याचा वास’ अशी नोंद असेल, तर वर्षभराने उलटतपासणीत समोरचा वकील फक्त त्या ओळीवर अर्धा तास घालवतो. रात्रीची वेळ, अंधार, आणि तुम्ही प्यायलेले. मग कुणी काय म्हटले ते तुम्हाला कसे ऐकू आले? आरोपीला ओळखले कसे? खरा साक्षीदार तिथे डळमळतो. ज्या गावात रस्त्यासाठी झगडावे लागते, त्या गावातल्या मिरवणुकीत प्यायलेला एक माणूस हा समोरच्याला आपण स्वतः दिलेला पुरावा असतो.

मंडळाने काय करायचे

परवानगी मंडळाच्या नावावर असते, अर्जावर अध्यक्ष आणि सचिवाची सही असते आणि परवानगीच्या कागदावर अटी असतात. त्या अटींचा भंग झाला तर पहिली नावे सही करणाऱ्यांची येतात. पोरगा पळून गेला तरी अध्यक्षाचा पत्ता पोलिसांकडे आहे.

यातली एक गोष्ट मंडळवाल्यांना ठणकावून सांगावी लागते. वर्गणीतून किंवा एखाद्या इच्छुक उमेदवाराच्या पाकिटातून पोरांना ‘सोय’ केली जाते, त्या पोरांत पंधरा-सोळा वर्षांची मुलेही असतात. १८ वर्षांखालच्या मुलाला दारू देणे हा बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड. पिणाऱ्याच्या हजार रुपयांपुढे हे ठेवून पाहा. कायद्याने पाजणाऱ्याला जास्त दोषी मानले आहे. आणि असा मुलगा पकडला गेला तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. त्याचे वय लगेच सांगावे, शाळेचा दाखला घेऊन जावे, प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते.

विनयपिटकात सुरापानाविषयीचा नियम कसा झाला त्याची कथा आहे. कोसंबीच्या लोकांना सागत नावाच्या भिक्खूविषयी फार आदर वाटत होता, कारण त्याने एका भयंकर नागाला वश केले होते. त्याला काय द्यावे म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा काही टवाळ भिक्खूंनीच स्वच्छ मद्याचे नाव सुचवले. सागत भिक्षेला निघाला तर घरोघरी त्याच्यासाठी मद्य तयार. तो पीत गेला आणि नगराच्या वेशीतच कोसळला. भिक्खूंनी उचलून विहारात आणले, तथागतांकडे डोके करून निजवले, तर तो वळला आणि पाय तथागतांकडे करून झोपला. जो पूर्वी आदराने वागायचा तो आज तसा आहे का, जो नागाशी झुंजला तो आज पाण्यातल्या साध्या सापाशी तरी झुंजेल का, असे तथागतांनी भिक्खूंना विचारले. त्यानंतर नियम झाला. या कथेत सागत एकटा दोषी नाही. सुचवणारे आहेत, प्रेमापोटी पाजणारे आहेत, वेशीत पडेपर्यंत न थांबवणारे आहेत. आपल्या मंडळात या तिन्ही भूमिका करणारे लोक कोण आहेत ते प्रत्येकाला नावानिशी माहीत असते.

काही वस्त्यांत मिरवणुकीच्या दोन्ही बाजूंना समता सैनिक दलाचे किंवा मंडळाचे स्वयंसेवक दोरी धरून चालतात. प्यायलेला दिसला की त्याला बाजूला घेऊन, न मारता, न ओरडता, घरी पोहोचवतात. महिला पुढच्या रांगेत असतात तिथे हे काम जास्त सोपे जाते, कारण आईसमोर बहुतेक पोरे ग्लास लपवतात. डीजेच्या आणि ट्रॅक्टरच्या चालकावर एक माणूस सकाळपासून ठेवावा. मिरवणूक वेळेत सुरू झाली तर वेळेत संपते. भांडणे होतात ती बहुतेक शेवटच्या तासात, पोलीस आवाज बंद करायला येतात तेव्हा. आणि व्हिडिओ काढणारा आपलाही एक शुद्धीतला माणूस असावा. कोण कुठे होता, पोलिसांनी काय केले, दगड कुठून आला, हे पुढे उपयोगी पडते. गुन्हा दाखल झाल्यावर कुणाच्याही सांगण्यावरून मोबाइलमधले चित्रण पुसू नये.

वकिलाच्या पैशासाठी वस्तीत वर्गणी काढण्याआधी एक गोष्ट तपासावी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. कोठडीत असलेल्या कोणत्याही माणसालाही तो आहे, आणि महिलांनाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे जातीचा दाखला काढून ठेवलेला असेल तर काम लवकर होते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यायचा. रात्रीच्या वेळी अडलात तर १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. तो मंडळाच्या परवानगीच्या कागदामागे आधीच लिहून ठेवावा.